कार्ड नसलेली गाडी

२ तारीख, सोमवार

मॅनेजरकाका म्हणाले, रोज चार ओळी लिहीत जा, हात मोकळा होईल. का ते सांगितलं नाही. वही नाहीये. गाड्यांच्या जुन्या जॉबकार्डांची पाठ कोरी असते, तिच्यावर लिहितेय. कोणी वाचू नये. वाचलंच तर हसू नये.

आज चहाच्या वेळी काका म्हणाले, "महिनाअखेरीला मी चाललो लेकीकडे राहायला. इथल्या कुणाला मॅनेजर व्हायचं असेल तर नाव द्या. तेरा तारखेला, शुक्रवारी मुलाखत. नाहीतर मालक बाहेरचा माणूस आणतील." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे बघितलं, कोण उभं आहे म्हणून. मागे भिंत होती.

आमच्या शेडमध्ये जुन्या गाड्या येतात, आम्ही त्या नव्यासारख्या करतो, मालक विकतात. ठोकेकाका पोचे काढतात, पेंटर रंग देतो, दोघं भाऊ पॉलिश करतात आणि शेवटी गाडी माझ्याकडे येते. मी आतून साफ करते. सीटखाली काय काय सापडतं ते लिहायला बसले तर कार्डं पुरायची नाहीत. असलं काम करणारी आठवी शिकलेली बाई मॅनेजर होते का कुठे?

नाव दिलं नाही. चार ओळी म्हणाले होते, जास्त झाल्या.

३ तारीख, मंगळवार

काकांनी माझं नाव देऊन टाकलंय! मला विचारलं पण नाही. मी म्हटलं, "काका, खोडा." म्हणाले, "पेनाने लिहिलंय."

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "दे की मुलाखत, खाणार आहेत का?" ह्यांना काय जातंय बोलायला. ह्यांचं नळदुरुस्तीचं काम, कुणाकडे गळलं तर आमच्याकडे चूल. महिन्याचा भरवशाचा पगार माझाच. आणि मला कशाची भीती आहे ते मी त्यांना नीट सांगितलं नाही, इथे लिहिते. पलीकडच्या शेडमध्ये बाहेरचा मॅनेजर आला. आठ दिवसांत त्याने साफसफाईच्या तिन्ही बायका घरी पाठवल्या आणि आपली माणसं लावली. आमच्याकडे साफसफाईला मी एकटीच. म्हणजे बाहेरचा आला तर मी गेले. मुलाखत दिली नाही तरी गेले, देऊन नापास झाले तरी गेले. मग द्यावीच लागणार. इतका साधा हिशोब, पण रडू आलं. बारकी दीड वर्षाची आहे. मी रडायला लागले तर तिला वाटलं खेळ आहे, ती पण तोंड वाकडं करून बघायला लागली. मग हसलेच.

५ तारीख, गुरुवार

काकांनी कागदावर दहा प्रश्न लिहून दिलेत. मुलाखतीत असलंच विचारतात म्हणे. पहिलाच प्रश्न, तुमच्यातला वाईट गुण कोणता?

हे बरं आहे. मला विचार करावा लागला नाही. माझा वाईट गुण म्हणजे मी गाडी जाऊ देत नाही. सगळ्यांचं काम झाल्यावर गाडी माझ्याकडे येते, मी आत बसून काचा पुसते, तेव्हा उजेड तिरपा पडतो आणि मला सगळं दिसतं. दाराच्या कडेला रंग ओघळलेला, पोचा अर्धाच निघालेला, पॉलिशचा पांढरा डाग राहिलेला. मग मी म्हणते, "परत." गाडी परत जाते. त्यावरून मला परतबाई नाव पडलंय. तोंडावर वहिनी म्हणतात. पेंटर तर म्हणतो, "वहिनी, लग्नात तुम्ही नवरदेवाला पण दोनदा परत पाठवलं असेल."

आज तीन गाड्या परत केल्या. ठोकेकाका पुटपुटत घेऊन गेले. माणसं माझ्यावर इतकी चिडलेली, आणि मी त्यांची मॅनेजर व्हायला निघालेय. मॅनेजर सगळ्यांचा लाडका असावा लागतो असं मला वाटतं. काकांना विचारलं तर ते इतके हसले की चहा नाकात गेला.

८ तारीख, रविवार

सुट्टी. सासूबाई म्हणाल्या, "बस समोर. मी मालक."

मी बसले. त्यांनी माझा चष्म्याचा रिकामा डबा पुढ्यात ठेवला, फोन म्हणून. म्हणाल्या, "बाई, तुम्हाला ही नोकरी कशाला हवी?"

"आई, तुम्हाला माहितीय की."

"मी आई नाही. मी मालक. पाणी आण आधी."

"मालक पाणी मागतात का उमेदवाराकडे?"

"हा मालक मागतो."

पाणी दिलं. मग म्हणाल्या, "मूल लहान आहे, घरी कोण बघणार?" मी म्हटलं, "सासूबाई बघतात." तर म्हणाल्या, "त्या म्हातारीचा काय भरवसा? कंबर दुखते तिची, कुरकुर करते दिवसभर." मी म्हटलं, "कुरकुर करतात पण बघतात." त्यावर मालक पदराने नाक पुसून म्हणाले, "पुढचा प्रश्न."

ह्यांनी दारातून विचारलं, "मालक, आज जेवायला काय?" तर मालकांनी त्यांना लाटणं दाखवलं.

सासूबाईंना माझं नोकरी करणं पहिल्यापासून आवडत नाही. मग एवढी तालीम कशाला घेतात कोण जाणे. दुपारी शेजारणीला सांगत होत्या, "आमची सून मोठ्या साहेबांच्या मुलाखतीला चाललीय." मी ऐकतेय हे कळल्यावर म्हणाल्या, "लोकांनी विचारलं तर सांगावं लागतं."

एकच गोष्ट टोचते. घरात सगळे सासूबाईंना आई म्हणतात, तर बारकी पण त्यांनाच आई म्हणते. मला काहीच म्हणत नाही. मला बघितलं की नुसती दोन्ही हात वर करते. मॅनेजर झाले तर अजून उशिरा घरी. तेव्हा हात तरी वर करेल ना?

९ तारीख, सोमवार

प्रश्न चौथा. गाडी तयार व्हायला किती दिवस लागतात?

काका म्हणाले, अंदाजे सांग. मला अंदाजे येत नाही. मी गेल्या महिन्याची कार्डं काढली आणि मोजलं. गाडी आली की काका तिला चहूबाजूंनी बघून खडूने खुणा करतात, पोच्याला गोल, ओरखड्याला रेघ. मग कार्ड लिहून आरशाला बांधतात. कार्ड नाही तर गाडीला हात नाही, हा आमच्याकडचा नियम. कार्डावर तारखा असतात. तर अकरा दिवस लागतात. त्यातले तीन दिवस गाडीवर माणसाचा हात असतो. बाकीचे आठ दिवस ती नुसती उभी. पोचे निघून रंगासाठी उभी, रंग होऊन पॉलिशसाठी उभी.

काकांना सांगितलं. मला वाटलं, म्हणतील यात काय नवीन. ते कार्डं घेऊन बराच वेळ डोकं खाजवत बसले. म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी इथे आहे." बस, एवढंच. माझं काही चुकलं असेल.

मग म्हणाले, "बुधवारी मी येणार नाही. माझं काम आहे. तू बघ जरा."

काय बघू ते विचारायचं राहिलं.

११ तारीख, बुधवार

संपलं सगळं.

काका नव्हते. सकाळपासून जो तो मलाच विचारत होता, मी सगळ्यात जवळ होते म्हणून असेल. वहिनी हिला कुठला रंग, वहिनी ही आत घेऊ का. मी ठरवलं, आज एक पण गाडी नुसती उभी राहू द्यायची नाही. एकीवरून ठोकेकाका उठले की पेंटर तयार, पेंटर उठला की भाऊ तयार. एक वाजेपर्यंत चार गाड्या पुढे सरकल्या. मला मजा यायला लागली. तिथेच घात झाला.

एकच्या सुमाराला आलेल्या गाड्यांच्या रांगेत एक करडी गाडी दिसली. किल्ली आतच. आरशाला कार्ड नाही. मी म्हटलं, काका नाहीत, कार्ड कोण लिहिणार, उद्या लिहितील. खडू घेतला आणि खुणा केल्या. मग काय, माणसं तयारच होती. ठोकेकाकांनी दारांची आतली अस्तरं काढली. भावांनी सीटा काढून उन्हात ठेवल्या. पेंटरने बंपर उतरवून घासला पण. मी खालचा गालिचा काढून धुऊन तारेवर टाकला. ऑफिसच्या काचेआड एक बाई बसल्या होत्या, मोठ्या चष्म्याच्या. मला वाटलं विमावाल्या असतील.

चारला त्या मालकांबरोबर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "माझी गाडी?"

मालक बघतात तर गाडी चार ठिकाणी. मालकांचा चेहरा बंपरसारखा पडला.

त्या मालकांच्या मोठ्या बहीण. शेडमध्ये निम्मी भागीदारी त्यांची. शुक्रवारी मुलाखत त्याच घेणार आहेत. आवारात जागा नव्हती म्हणून वॉचमनने त्यांची गाडी रांगेत लावली होती.

बाई गाडीभोवती फिरल्या. खडूचे गोल मोजले. म्हणाल्या, "चौदा पोचे? माझ्या गाडीवर?"

मी म्हटलं, "पंधरा. एक खालच्या बाजूला आहे."

माझी जीभ कापून टाकायला पाहिजे.

"हे कुणी केलं?" मालक ओरडले. पेंटर म्हणाला, "आम्ही सगळ्यांनी." ठोकेकाका म्हणाले, "मीच आधी हात लावला." उगाच. मी म्हटलं, "मी सांगितलं म्हणून त्यांनी केलं. कार्ड नव्हतं, तरी मी खुणा केल्या."

बाईंनी विचारलं, "कधी मिळेल?" मी म्हटलं, "शुक्रवारी दुपारी." त्या मालकांच्या गाडीतून गेल्या.

नंतर मी त्या गाडीचं कार्ड लिहिलं. नियम म्हणजे नियम, उशिरा का होईना. पहिल्यांदाच कार्ड लिहिलं. गाडी कोणी आणली, तिथे लिहिलं, आम्हीच घेतली. काम कोणी सांगितलं, तिथे, मी. तक्रार काय, तिथे, गाडीची काहीच तक्रार नव्हती.

एक गोष्ट कळत नाही. बाई तीन तास काचेआड बसल्या होत्या आणि गाडी बरोबर समोर होती. सीटा निघताना दिसल्या नाहीत? नंबर वाढला असेल चष्म्याचा.

१२ तारीख, गुरुवार

काका आले. सगळं ऐकून खुर्चीत बसले, खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. रुमाल काढून डोळे पुसले. मी म्हटलं, "काका, माफ करा." ते म्हणाले, "मला बोलायला लावू नको." इतके चिडलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आज सगळ्यांनी त्याच गाडीवर काम केलं. पाचला सुट्टी होते, कोणी गेलं नाही. त्यांना घरची कामं नसतील. पंधराही पोचे निघाले. सीटा बसल्या. आतून अशी झालीय की मीच चप्पल काढून बसले.

सहाला पेंटरने बंपर आणला. लांबून आरशासारखा. मी तिरपं होऊन बघितलं, तर डाव्या कोपऱ्यात रंगाला दाणा आलेला. घाईत जाड बसला होता. नीट करायचं तर घासून पुन्हा रंग द्यायचा, पुन्हा वाळवायचा. म्हणजे शनिवार. आणि मी शुक्रवार सांगून बसलेले.

तीनदा फिरले गाडीभोवती. पेंटर म्हणाला, "वहिनी, उद्या मुलाखत तुमची. घेणारी बाई हीच. मिटा की डोळे."

मिटले. खरंच मिटले. आणि बोट फिरवलं. बोटाला लागलं.

"परत," मी म्हटलं.

पेंटरने बंपर खांद्यावर टाकला आणि जाताना ठोकेकाकांना म्हणाला, "काढा तुमचे पैसे. मी हरलो." कसली पैज लावतात देव जाणे.

१३ तारीख, शुक्रवार

झाली मुलाखत.

सकाळी सासूबाईंनी माझी वेणी घातली, इतकी घट्ट की भुवया वर गेल्या. हे म्हणाले, "आता तू कायमच आश्चर्यात दिसणार." बारकीने हात वर केले. एक मिनिट घेतलं आणि निघाले.

ऑफिसात मालक, बाई आणि कोपऱ्यात काका. दहाच्या दहा उत्तरं पाठ होती. खुर्चीत बसले आणि सगळी गेली. बाईंच्या हातात मी लिहिलेलं कार्ड होतं. त्या वरून खाली वाचत होत्या. तोंडावर काही कळत नव्हतं.

"गाडी तयार आहे?"

"नाही."

"तुम्ही शुक्रवार म्हणालात."

"म्हणाले. बंपरच्या कोपऱ्यात रंग नीट बसला नाही. परत पाठवला. उद्या मिळेल."

"आज तशीच दिली असती तर मला कळलं असतं?"

मी खरं ते सांगितलं. "आज नसतं कळलं. चार दिवसांनी उन्हात उभी केल्यावर कळलं असतं. मग तुम्ही पुन्हा आणली असतीत. तेच काम दोनदा करायचं, आणि तेवढे दिवस दुसऱ्या गाडीची जागा अडणार."

मालक म्हणाले, "कार्ड नसलेल्या गाडीला हात लावायचा नाही, हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"घाई झाली होती. गाड्या पुढे सरकत होत्या, मला बरं वाटत होतं."

बाई म्हणाल्या, "उद्या तुम्ही मॅनेजर झालात आणि दुसऱ्या कुणी हेच केलं तर?"

"आधी ओरडेन." कोपऱ्यात काका खोकले. "मग बघेन की कार्ड लिहायला कोण होतं. आपल्याकडे कार्ड लिहिणारा माणूस एकच. तो नसला की एकतर शेड थांबते, नाहीतर माझ्यासारखं कोणीतरी घोळ घालतं. दोघातिघांना लिहायला आलं पाहिजे. मी हळू लिहिते, पण येतं."

मग त्या अकरा दिवसांचं विचारलं. ते मला माहीत होतं, ते सांगितलं. बोलता बोलता टेबलावर खडूने चौकोन काढून दाखवले, गाडी कुठे कुठे थांबते ते. बाहेर आल्यावर लक्षात आलं की टेबल त्यांचं होतं.

शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?"

या प्रश्नाला सासूबाईंनी शिकवलं होतं की नाही म्हणायचं आणि नमस्कार करायचा. मी विचारलं, "दुसरं कोणी मॅनेजर झालं तर माझं साफसफाईचं काम राहील का?"

मालकांनी बहिणीकडे बघितलं, बहिणीने काकांकडे. काका छताकडे बघत होते. बाई म्हणाल्या, "कळवू."

म्हणजे नाही राहणार. घरी येईपर्यंत कसंबसं आवरून धरलं. सासूबाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "मालक मेला काय म्हणाला?" मग नाही आवरलं.

१४ तारीख, शनिवार

बाई गाडी न्यायला आल्या. सगळे आपापल्या जागी काम करत होते, पण कशाचाच आवाज येत नव्हता. ठोकेकाका हातोडी हवेत धरून उभे. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. खाली वाकून पंधरावी जागा पण बघितली. बंपरवरून बोट फिरवलं. मग आत बसल्या आणि काच खाली करून मला म्हणाल्या, "सीटखाली माझं एक कानातलं पडलं होतं, दोन वर्षांपूर्वी."

"समोरच्या खणात ठेवलंय," मी म्हटलं. "आणि शेंगदाणे फेकले."

गाडी फाटकातून गेली. शाबास नाही, काही नाही. पेंटर म्हणाला, "वहिनी, बाई हसल्या." मी म्हटलं, "ऊन डोळ्यांवर आलं असेल."

उद्या सुट्टी. सोमवारी जाऊन माझा डबा आणि कामाची चप्पल घेऊन येणार. मागून कोणी जा म्हणण्यापेक्षा आपण तयार असलेलं बरं.

१६ तारीख, सोमवार

पिशवी घेऊनच गेले होते. मालकांनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझे खडूचे चौकोन तसेच होते, कोणी पुसले नव्हते.

म्हणाले, "तीन महिने बघू. जमलं तर कायम."

"काय जमलं तर?"

"मॅनेजरकी, आणखी काय?"

मी म्हटलं, "पण कळवू म्हणाला होतात."

"हे काय करतोय मग?"

मला खुर्ची लागली. बसले. मालकांनी स्वतः पाणी आणून दिलं. मग मी म्हटलं, "साफसफाईला नवीन बाई घ्यावी लागेल. ती मी निवडणार. आणि नंतर कोणीही मॅनेजर आला तरी तिला कारणाशिवाय घरी पाठवायचं नाही." हे मी बोलले! कुठून आलं काय माहीत. मालक म्हणाले, "ताई म्हणालीच होती, ही अटी घालणार."

बाहेर सगळे ओळीने उभे, काहीच माहीत नसल्यासारखे. पॉलिशवाला धाकटा भाऊ कोरडं फडकं फिरवत होता, तेही भिंतीवर. मी म्हटलं, "काय बघताय? रांगेत सहा गाड्या आहेत." ठोकेकाका म्हणाले, "आली बघा मॅनेजर." आणि सगळे एकदम ओरडले.

काका महिनाअखेरपर्यंत आहेत, पण दहाला येणार. शेड उद्यापासून मी उघडायची, सातला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा दिला. पंचवीस तरी असतील. माझ्या कपड्यांना खिसा नाही, दिवसभर हातातच धरला. हाताला लोखंडाचा वास येतोय.

घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "मला माहीतच होतं," आणि मग अर्धा तास पदर डोळ्याला. हे तडक बाहेर गेले आणि गजराचं घड्याळ घेऊन आले, मोठं, दोन घंटांचं. म्हणाले, "ह्याने शेजारचे पण उठतील."

भीती गेलीय असं नाही. उद्या फाटकाची किल्ली कुठली तेच मला अजून ओळखता येत नाही. रंगाचा माल कोण मागवतं, माहीत नाही. शंभर गोष्टी माहीत नाहीत.

आणि किल्ल्या तर माझ्याकडे नाहीतच. बारकीने जुडगा बघितला, तेव्हापासून छातीशी धरून बसलीय. सासूबाईंनी मागितला, दिला नाही. ह्यांनी बिस्किट दाखवलं, बिस्किट घेतलं आणि जुडगा पण ठेवला. मी हात पुढे केला तर माझ्याकडे बघून स्वच्छ म्हणाली, "नाही." मला उद्देशून बोललेला तिचा पहिला शब्द.

आता माझ्या मांडीवर पेंगतेय, मूठ घट्ट. एवढं लिहून झालं की एकेक बोट सोडवायला घेते.